साडेआठची घंटा

सोमवार, २ नोव्हेंबर

आज पहिल्या तासाला एक दात तुटला. वेळ सात वाजून बावीस मिनिटं.

मी फळ्यापाशी उभा राहून फ्रेंच राज्यक्रांतीत राजवाड्यावर चालून गेलेल्या भुकेल्या बायकांचं वर्णन करत होतो. आवाज असा लागला होता की शेजारच्या वर्गातून गणिताच्या सरांनी दार ओढून घेतलं. एवढ्यात खाडकन आवाज झाला. तिसऱ्या बाकावरची बास्केटबॉलवाली झोपेत पुढे कलंडली होती आणि तिचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं होतं. पुढचा दात अर्धा गेला.

खरं लिहायचं तर आधी मला राग आला. सव्वीस वर्षं शिकवतोय. मुलं पाठीमागे मला 'तोफ' म्हणतात आणि मला ते मनातून आवडतं. तोफेसमोर कुणी झोपतं? मग मी वर्ग मोजला. बेचाळीस मुलं, त्यातली अकरा झोपलेली. शेवटच्या बाकावर मुठीवर गाल टेकून माझी स्वतःची मुलगी, भिंगरी. एकजण तर डोळे उघडे ठेवून झोपला होता. माणूस आहे की मासा?

पोरीला घेऊन दंतवैद्यबाईंकडे गेलो. याच आमच्या शाळा समितीच्या अध्यक्ष. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायची सवय, म्हणून स्वतः फार बोलत नाहीत.

"पडली कशी ही?"

"झोपेत."

"घरी?"

"शाळेत. माझ्या तासाला."

त्यांनी हातातली सळई बाजूला ठेवली. "उठतेस किती वाजता गं?"

मुलीने तोंड उघडं ठेवूनच चार बोटं वर केली आणि पाचवं अर्धं वाकवलं. साडेचार. तिचं घर शाळेच्या गाडीच्या पहिल्या थांब्यावर आहे.

बाई म्हणाल्या, "अठ्ठावीसला सभा आहे. घंटा सातऐवजी किती वाजता हवी ते लेखी द्या. पुरावा आणा. भाषण नको."

शेवटचं मी फारसं मनावर घेतलं नाही.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

दिवसभर वाचतोय. वाचनालयातून सात पुस्तकं आणली. या वयात शरीरातलं घड्याळच उशिरा सरकतं. झोप उशिरा येते, म्हणून जागही उशिरा यायला हवी. आठ ते दहा तास लागतात त्यांना. म्हणजे आम्ही ज्याला आळस म्हणतो तो आळस नाहीच. सव्वीस वर्षं ज्यांना मी 'कुंभकर्णाच्या अवलादींनो' म्हणत आलो ती निव्वळ दमलेली मुलं होती. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो आणि वाचनालयातच दोन वाक्यं मोठ्याने बोललो. ग्रंथपालाने चष्म्यावरून पाहिलं.

मागणी ठरली. घंटा साडेआठला.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही परिचारिका, रुग्णालयात पाळ्या करते. बूट काढता काढता ऐकत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या तासाला मुलं झोपतात हा काही पुरावा नव्हे. तसा पुरावा लग्नापासून माझ्याकडेही आहे."

भिंगरी खो खो हसली. मग म्हणाली, "बाबा, मी मदत करते. तक्ते, पोस्टर, सगळं माझ्याकडे." रांगायला लागल्यापासून ही पोर एका जागी टिकली नाही, म्हणून नाव भिंगरी. अशी एक भिंगरी असली की चळवळ फिरायला लागते.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

झोपवही सुरू झाली. दहावीच्या प्रत्येकाने सकाळी येताच किती तास, किती मिनिटं झोप झाली ते लिहायचं. मी ते मोठ्याने वाचणार. पुरावा कपाटात ठेवायचा नसतो, तो चौकात मांडायचा असतो.

आज सगळ्यात कमी झोपलेला निघाला पहिल्या बाकावरचा चष्मेवाला. चार तास पन्नास मिनिटं. मी त्याला उभं केलं आणि वर्गाला म्हणालो, "बघा. हा आपला सर्वांत भक्कम पुरावा." वर्गाने टाळ्या वाजवल्या. पोराचे कान लाल झाले. सव्वीस वर्षांत सातच्या तासाला टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या.

सोमवार, ९ नोव्हेंबर

पहिली सरासरी. सहा तास दहा मिनिटं. भिंगरीने रंगीत तक्ता केला. लाल पट्टी म्हणजे पाच तासांच्या आत. लाल पट्ट्या अजून थोड्याच आहेत. भिंतीवर लावला तसा मधल्या सुट्टीत इतर वर्गांचीही गर्दी झाली.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

आज गाडीच्या ड्रायव्हरला भेटलो. सगळं त्याच्यापाशी येऊन अडतं. तो आधी मुलांना सातला शाळेत सोडतो, मग तीच गाडी आठ वाजता कारखान्याच्या लोकांना घेऊन जाते. घंटा साडेआठला गेली तर दोन्ही फेऱ्या एकमेकींवर आदळतात. समितीतले सातपैकी पाच जण मला हेच म्हणाले, "सर, तुमचं पटतं, पण गाडी जमत नाही."

तो टपरीवर चहा पीत होता. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं बोललो. टपरीवाल्याने गॅस बारीक केला, इतका रंग भरला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमचं बोलणं ऐकलं की वाटतं आत्ता उठावं आणि काहीतरी जाळावं. पण कारखान्याला काय सांगू?"

"सांगा की उद्याची पिढी झोपेवाचून मरते आहे."

"ते म्हणतील, आमची हजेरी चुकते."

"सभेला या."

"येतो. पण मी नाहीच म्हणणार, आधीच सांगून ठेवतो."

असा सरळ विरोधक मला आवडतो. त्याला सभेतच जिंकायचा.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आकडे आपल्या बाजूने धावत सुटलेत. सरासरी पाच तास पाच मिनिटांवर आली. तक्ता लालेलाल. मी स्वप्नातसुद्धा एवढा भक्कम पुरावा मागितला नसता. वर्गाचा उत्साह तर विचारूच नका, सकाळी मी यायच्या आधी वही भरून तयार असते आणि आकडा वाचला की पोरं एकमेकांच्या पाठी थोपटतात.

आज सगळ्यात वर भिंगरी. तीन तास चाळीस मिनिटं. बाप म्हणून नव्हे, कार्यकर्ता म्हणून सांगतो, ऊर भरून आला. आठ पोस्टरं झाली, पत्रकं झाली, चारशे पालकांच्या सह्यांचे कागद अकारविल्हे लावून झाले.

ही म्हणाली, "तिच्या डोळ्यांखाली बघितलंत?"

मी बघितलं. थोडी सावली आहे. पण चेहऱ्यावर तेज आहे.

"ते तेज नाही, ते तेल आहे. तीन दिवस तोंड नीट धुतलेलं नाही तिने."

परिचारिकांना सगळीकडे आजारच दिसतो.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

भिंगरीने सकाळच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि स्वतःचा कप संपवून टाकला. तिला कळलंही नाही. शाळेत निघाली तेव्हा एका पायात तपकिरी बूट, एका पायात काळा. अगदी माझ्यावर गेली आहे. ध्येय लागलं की मलाही असंच भान राहत नाही.

वाटेत म्हणाली, "बाबा, 'मुलांना झोपू द्या' हे पोस्टर पहाटे साडेचारला रंगवतं कोण?"

"क्रांतिकारक."

"मग क्रांतिकारक दुपारी झोपतात का?"

"विजयानंतर."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचे दोन चौक डोळे अर्धे मिटून चालली. मनात घोषणा जुळवत असावी.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट. जसा घडला तसाच लिहितो.

गणिताचे सर समितीत शिक्षकांचे प्रतिनिधी आहेत. मधल्या सुट्टीत तक्त्यासमोर हाताची घडी घालून उभे होते. मला म्हणाले, "काय हो तोफखाना, गेल्या पंधरा दिवसांत शाळेची घंटा बदलली का?"

"नाही."

"गाडीची वेळ?"

"नाही."

"परीक्षा आली?"

"नाही."

"मग मुलांची झोप तासाभराने घटली कशाने?"

मी तक्त्याकडे नव्याने पाहिलं.

वर्गात जाऊन सरळ विचारलं. चष्मेवाला उठला. "सर, कमी झोपलं की तुम्ही नाव घेता. टाळ्या मिळतात. मी परवा आठ तास झोपलो होतो तर तुम्ही 'बरं, बस खाली' म्हणालात."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आम्ही एकमेकांना फोन करून जागं ठेवतो."

बास्केटबॉलवालीने नवा दात दाखवत विचारलं, "सर, मी दोन तासांवर आले असते तर पहिली आले असते ना?"

मी इतिहासाचा मास्तर. साक्षीदाराला लाच दिली की साक्ष मेली, हे दर वर्षी मीच शिकवतो. आणि मीच बेचाळीस साक्षीदारांना टाळ्यांची लाच दिली. झोप मिळावी म्हणून वही काढली आणि त्या वहीनेच मुलांची झोप खाल्ली.

भिंगरीचे आकडे तेवढे खरे असणार. ती स्पर्धेसाठी जागत नाही, माझ्या कामासाठी जागते.

गणिताचे सर जाताना म्हणाले, "मी आपण होऊन बोलणार नाही. पण तक्ता सभेत लावलात तर बोलेन." माणूस कडू आहे, पण तराजूच्या काट्यासारखा सच्चा.

बुधवार, २५ नोव्हेंबर

तक्ता उतरवला. वही बंद. मुलांना सांगितलं, आजपासून जो जास्त झोपेल त्याचा मला अभिमान वाटेल. चष्मेवाल्याने विचारलं, "मग त्याला टाळ्या?" कुणालाच टाळ्या नाहीत, म्हणालो.

आता हातात उरलं काय? चारशे सह्या आहेत, पण त्या गाडीपुढे चालत नाहीत. सभेला तीन दिवस. दुपारी फार खचलो होतो. आणि मग शाळेच्या जिन्यात उभा असताना एकदम लख्ख दिसलं. पुरावा गेला तर जाऊ दे. माझ्याकडे जीभ आहे. जगातले मोठे बदल तक्त्यांनी झालेले नाहीत, कुणीतरी उभं राहून बोललं म्हणून झाले. मी असं बोलेन की ड्रायव्हर गाडी विसरेल.

घरी येऊन लिहायला बसलो. तीन बैठकींत चोवीस पानं. अक्षर माझं मलाच लागेना. भिंगरी म्हणाली, "द्या, मी मोठ्या अक्षरात उतरवून देते."

हिने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं आणि पाळीवर निघून गेली. दार जरा जोरात लागलं. वारा असेल.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

घरातलं गजराचं घड्याळ सापडत नाही. ही म्हणते तिला माहीत नाही. अडलं नाही काही. पहाटे पाचला मी हाक मारूनच भिंगरीला उठवलं. माझा आवाज घड्याळाला भारी आहे.

पूर्ण तालीम झाली. तिने पलंगावर बसून ऐकली. मधे मधे डोळे मिटत होती, मनात साठवून घेत असावी. शेवटची सहा पानं म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं गद्य आहे. ती मी दोनदा वाचली.

ठरलं असं. मी समितीकडे तोंड करून उभा राहीन. भिंगरी माझ्या मागच्या खुर्चीत. सहा सहा पानांचे चार गठ्ठे तिच्या हातात. मी हात मागे केला की तिने पुढचा गठ्ठा द्यायचा. वक्त्याने मागे वळून पाहायचं नसतं.

शनिवार, २८ नोव्हेंबर

जिंकलो. आजच लिहायला हवं.

दुपारी चारला सभा. जागा प्रयोगशाळा, कारण तिथेच मोठं टेबल आहे. समोर सात सदस्य, मधे दंतवैद्यबाई. भिंतीला टेकून ड्रायव्हर उभा. माझ्या मागे दहा-बारा पालक, ही आणि भिंगरी.

सुरुवात मी मुद्दाम वरच्या पट्टीत केली. पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा. दुसऱ्याच्या शेवटी सभेवर पकड बसल्याचं जाणवलं. मागची कुजबुज पार थांबली. तिसरा गठ्ठा घ्यायला हात मागे केला तर तो जरा उशिरा हातात आला. आणि मग अशी शांतता पसरली की तशी मी कधी अनुभवली नव्हती. कुणी खुर्ची सरकवेना. कुणी खोकेना. अध्यक्षबाईंची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागली होती, जणू त्यांना येणारी पिढी प्रत्यक्ष दिसत होती. एक सदस्य चष्मा काढून पुसत होते. बाईंनी मला तळहाताने खूण केली, हळू, हळू. मी समजलो. भावना आवरत नव्हत्या त्यांना. मी आवाज उतरवला.

शेवटच्या सहा पानांसाठी हात मागे केला. काही आलं नाही. बोटं हलवली. काहीच नाही. पोर रडत असेल, असं मनात आलं. मागे वळायचं नाही हा नियम. मी एक श्वास घेतला आणि म्हणालो, "एवढंच. आता तुम्ही बघा."

आणि ते बघतच राहिले.

गणिताचे सर उठले. "गाडीच्या वेळेवरून माझी हरकत..." असं त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू केलं आणि अध्यक्षबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सर थांबले. माझ्या दिशेने बराच वेळ पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हरकत होती. मागे घेतो." या माणसाने जन्मात कधी काही मागे घेतलेलं नाही, वर्गात फेकलेला खडूसुद्धा नाही.

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो भिंतीपासून पुढे आला आणि कुजबुजल्यासारखा बोलला. "मी रोज आरशात हेच बघतो. चाळीस डोकी, सगळी अशीच लोंबलेली. गचका बसू नये म्हणून मी खड्डे चुकवत चालवतो. पण शाळा आली की हॉर्न द्यावाच लागतो." खिशातली किल्ली चाचपली. "कारखान्याला मी सांगतो. त्यांची फेरी आधी करीन. मोठी माणसं उठतील लवकर."

बाई म्हणाल्या, "हात वर करा. बोलू नका."

सातपैकी सात.

टाळ्या वाजवायला पालकांचे हात उठले, तेही बाईंनी थांबवले. लोक खुर्च्या उचलून बाजूला ठेवत, चवड्यांवर चालत बाहेर पडले. मी अनेक सभा गाजवल्या, पण माणसं अशी देवळातून निघाल्यासारखी निघताना पाहिली नव्हती.

मग मी वळलो. भिंगरी खुर्चीत गाढ झोपली होती. मान मागे, तोंड उघडं, एका हातातून पेन निसटून जमिनीवर. हिने स्वतःचा स्वेटर तिच्या अंगावर घातला होता. शेवटची सहा पानं स्वेटरखाली दबलेली.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. मनात आलं, सर्वांत चांगला भाग राहिला.

मी काही बोलणार तेवढ्यात ही म्हणाली, "आता कृपा करून पाच मिनिटं गप्प बसा."

पाच मिनिटांचे तीन तास झाले. शिपाई किल्ली ठेवून गेला. आम्ही दोघं उंच स्टुलांवर बसून होतो. मग तिला जेमतेम उभी करून घरी आणलं, ती कपडेसुद्धा न बदलता पुन्हा आडवी झाली.

एक रुखरुख आहे. बापाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या भाषणाला पोटची पोर झोपली. पण सहा पानं कमी पडूनही सात मतं. म्हणजे शब्दांत दम होता.

रविवार, २९ नोव्हेंबर

अकरा वाजून गेले. भिंगरी उठलेली नाही. कूस बदलली, एवढंच. ही दोनदा जाऊन नाडी बघून आली. म्हणाली, "आजारी नाही. थकबाकी फेडते आहे."

दहाच्या सुमारास ड्रायव्हर आला. नव्या वेळेला गाडी कोणत्या कोपऱ्यावर थांबवायची, ते विचारायला. मी धावत फाटकापाशी गेलो आणि हळू बोलायला लागलो.

तो म्हणाला, "घसा बसला वाटतं कालच्याने?"

"नाही. मुलगी झोपलीय आत."

त्याने लगेच इंजिन बंद केलं. "अजून? कालपासून?" मग आवाज माझ्याहून खाली आणून म्हणाला, "काल जीव मुठीत धरून बसलो होतो आम्ही सगळे. तिसरा गठ्ठा तुमच्या हातात देता देता झोपली बघा. हात तसाच वर राहिला होता तिचा जरा वेळ. बाईंना वाटलं, आता पडते. तुम्हाला खुणा करत होत्या त्या, हळू बोला म्हणून."

मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो.

मग विचारलं, "आणि भाषण?"

"चांगलं होतं की," तो म्हणाला. "जरा मोठ्याने होतं."

कोपरा ठरवून तो गेला. गाडी उतारावरून नुसतीच सोडली, वळण आल्यावर चालू केली.

आत आलो. मी भिंगरीच्या दारात उभा राहिलो. उशीवर शाईचा डाग पडलाय. बोटांवर पोस्टरांचा लाल रंग अजून आहे, नखांच्या कडेला, धुऊन न निघालेला. चोवीस दिवसांत मी या पोरीकडे किती वेळा पाहिलं आणि काय काय लिहिलं, ते मागची पानं उलटून आत्ता वाचलं. तेज, भान, मनात साठवणं. वारा.

सात हात वर झाले. एक घंटा दीड तास पुढे गेली. ते खरं आहे आणि ते राहील. कुणामुळे, तेही आता मला ठाऊक आहे.

हिने खूण केली. घर इतकं शांत आहे की पेनाचा आवाज खोलीपर्यंत जातो, म्हणून इथेच थांबतो.